पोलादी तारेकडून नायलॉनच्या तारेकडे : उलव्यातील गिटारवादकाच्या निवडीचा आढावा

पोलादी तारांच्या गिटारवर काही वर्षे हात बसल्यानंतर ज्या वादकाच्या मनात नायलॉनच्या तारांचे वाद्य घेण्याची इच्छा उत्पन्न होते, त्याच्यापुढील प्रश्न वरवर पाहता खरेदीचा दिसत असला, तरी वस्तुतः तो हाताच्या शिक्षणाचा असतो. आणि हा भेद वेळीच ध्यानात न आल्यामुळे कित्येकांचे पैसे, आणि पैशांहून मोलाचा असा उत्साह, व्यर्थ खर्ची पडतो. दुकानात किमतीची चौकशी होते, मित्रमंडळींत कंपनीची होते. परंतु यापुढे आपला उजवा हात कोणते काम करणार आहे, हा जो या व्यवहारातील मूळ मुद्दा, त्याची दखल बहुधा घेतलीच जात नाही. प्रस्तुत आढाव्यात तोच मुद्दा मध्यवर्ती मानला आहे, आणि त्याच्या जोडीला पनवेल तालुक्यातील उलवे, म्हणजे सिडकोने वसविलेली उंच इमारतींची नवी वसाहत व तिच्या आसपास नांदत असलेली आगरी-कोळ्यांची जुनी गावे, हा प्रदेश सतत नजरेसमोर ठेवला आहे. कारण वाद्य लाकडाचे असते, आणि ते लाकूड ज्या हवेत राहावयाचे, त्या हवेचा विचार वगळून केलेली शिफारस अपुरीच राहते.

प्रथम आपल्या कानाविषयी. मराठी श्रोत्याचा कान प्रामुख्याने धातूच्या तारेवर वाढलेला आहे. मिरजेचा तंबोरा, ज्याला तेथील सतारीसह २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, त्याची सारी कीर्ती जवारीवर, म्हणजे धातूच्या तारेतून उमटणाऱ्या उपस्वरांच्या झळाळीवर, उभी आहे. सतारीची आणि सरोदाची तार धातूचीच. आणि उलव्याच्या परिसरात हळदी-लग्नाच्या किंवा गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत जी बेंजो पार्टी वाजते, तिच्यातील बेंजोचा तीक्ष्ण, कर्ण्यातून दूरवर जाणारा नादही पोलादी तारेचाच असतो. तातीचा, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेल्या तारेचा, मऊ आणि मानवी कंठाला जवळचा असा आवाज आपल्याकडे मुख्यतः सारंगीने जपला. नायलॉन ही त्या तातीचीच उत्तराधिकारिणी असल्याने, पोलादी गिटारवरून आलेल्या वादकाला नायलॉनचे वाद्य पहिल्या भेटीत मंद, किंबहुना थोडे बहिरे वाटते, यात नवल नाही. दुकानातील त्या पहिल्या दहा मिनिटांच्या प्रतिकूल ग्रहावर निर्णय सोपवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कानाला नव्या नादाशी ओळख करून घेण्यास काही दिवसांची मुदत द्यावी लागते, आणि ती दिल्यावर जे प्रथम मंद वाटले, तेच स्निग्ध वाटू लागते.

या दोन वाद्यांचा मूळपुरुष एकच. आज जिला आपण क्लासिकल गिटार म्हणतो, तिचा आकार, ६५० मिलिमीटरच्या आसपासची तारेची लांबी आणि तबलीच्या, म्हणजे समोरच्या फळीच्या, आतील पंख्यासारखी पसरलेली पट्ट्यांची रचना या गोष्टी स्पेनमधील आल्मेरिया येथील कारागीर आंतोनिओ दे तोरेस (१८१७–१८९२) याने स्थिर केल्या. गिटारच्या नादात तबलीचे महत्त्व किती, हे सिद्ध करण्यासाठी त्याने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या असलेले एक वाद्य घडविले. आणि ‘सारी गिटार उंची लाकडाची हवी’ अशा समजुतीने खिशाबाहेर जाणाऱ्या आजच्या ग्राहकाने तोरेसचा तो दाखला अवश्य लक्षात ठेवावा. दुसरी शाखा अमेरिकेत वाढली. १८३३ मध्ये जर्मनीतून तेथे गेलेल्या सी. एफ. मार्टिनच्या कारखान्यात तबलीखाली फुलीच्या आकाराच्या पट्ट्या बसविण्याची पद्धत १८४० च्या दशकातच रूढ झाली होती. पुढे १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर हवाईयन संगीताचे वेड पसरले, मोठ्या आवाजाची मागणी वाढली, आणि पोलादी तारांचा ताण सहन करील अशा दृष्टीने १९२० च्या दशकात वाद्ये घडू लागली. तीच हवाईयन लाट ताऊ मो यांच्यासारख्या कलावंतांबरोबर हिंदुस्थानात आली, आणि तिचा आपल्या संगीताशी इतका घनिष्ठ संबंध जडला की १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काबरा यांची गिटार संतूर आणि बासरीच्या पंक्तीला निःसंकोच बसली. मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची ती ‘हवाईयन’, आणि उभी धरून पडद्यांवर बोटे दाबून वाजविण्याची ती ‘स्पॅनिश’, अशी आपल्याकडची विभागणी या हवाईयन लाटेपासूनची. म्हणूनच एखाद्या जुन्या दुकानात ‘स्पॅनिश गिटार’ मागितल्यास पोलादी तारांचे वाद्यही हाती पडू शकते. मागणी करताना ‘नायलॉनच्या तारांची क्लासिकल’ असे स्पष्ट सांगावे.

नायलॉनची तार तशी अर्वाचीन आहे. नायलॉनचा शोध ड्यू पाँ कंपनीत १९३५ मध्ये लागला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तातीची टंचाई झाल्यावर न्यूयॉर्कमधील कारागीर आल्बर्ट ऑगस्टीन याने त्या द्रव्यापासून गिटारच्या तारा सिद्ध केल्या. आंद्रेस सेगोव्हियासारख्या थोर वादकाने त्या स्वीकारल्यावर तातीचे युग थोडक्याच वर्षांत मावळले. ही हकीकत येथे दिली ती केवळ जिज्ञासेपोटी नव्हे. एक धोक्याची सूचना तिच्यातून आपोआप निघते. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून तबलीवर पडणारा ताण सुमारे ४० किलो असतो, तर पोलादी तारांच्या हलक्या संचाचा ताणही ७० किलोंच्या वर जातो; तातीच्या परंपरेतील हलकी तबली, बहुधा आत सळई नसलेली दांडी आणि केवळ सरसाने चिकटविलेली घोडी हा जादा भार सोसू शकत नाही. ‘यालाच पोलादी तारा चढवून देतो, दोन्ही कामे होतील,’ असे एखादा विक्रेता म्हणाला, तर ते वाद्य आणि तो सल्ला दोन्ही तेथेच सोडावे.

आता हाताचा विचार, जो या साऱ्या चर्चेचा गाभा आहे. पोलादी गिटारचा नट साधारण ४३ ते ४४.५ मिलिमीटर रुंद असतो, क्लासिकलचा ५२. पहिलीचा फ्रेटबोर्ड किंचित गोलाईचा, दुसरीचा सपाट. पहिलीची दांडी पेटीला चौदाव्या पडद्यापाशी मिळते, दुसरीची बाराव्यापाशी. पहिलीवर खुणेचे ठिपके असतात, दुसरीची पट्टी बहुधा कोरी. नवागताची तक्रार येथूनच सुरू होते, आणि ती नेहमी डाव्या हाताची असते: बोटे पोहोचत नाहीत, बारे कॉर्ड धरताना मनगट दुखते, अंगठा वरून वळवून सहावी तार दाबण्याची सवय निरुपयोगी होते. परंतु अंगठा दांडीच्या मागे मध्यावर ठेवून, वाद्य डाव्या मांडीवर थोडे तिरपे घेऊन बसण्यास शिकले, की यांतील बहुतेक तक्रारी निवळतात. शिवाय नायलॉनची तार दाबण्यास लागणारे बळ इतके कमी की बोटांच्या टोकांना उलट विश्रांतीच मिळते. डावा हात हा समजूतदार आहे, तो जुळवून घेतो.

खरा लाभ, आणि खरी कसोटी, उजव्या हाताची आहे. घोडीपाशी क्लासिकलच्या तारा पोलादी गिटारहून अधिक मोकळ्या असतात, आणि त्या मोकळेपणातच अंगठा व तीन बोटे परस्परांच्या मार्गात न येता स्वतंत्र स्वर चालवू शकतात. पिकने झंकार काढणाऱ्याला याचे महत्त्व सहसा उमगत नाही, कारण पिकला सहा तारा म्हणजे एकच मैदान. नखाने आणि बोटाच्या गराने एकेक तार वेचणाऱ्याला मात्र प्रत्येक तार स्वतंत्र भासते. नायलॉनवर नखाचा कोन किंचित बदलला तरी आवाजाचा रंग बदलतो. तार छेडून बोट शेजारच्या तारेवर विसावू दिले, तर तोच स्वर भरीव आणि गोल येतो. घोडीजवळ छेडले तर धातूची आठवण देतो, आणि नादरंध्राच्या वरच्या बाजूस छेडले तर बासरीची. या वाद्याची समृद्धी येथे आहे, आणि ज्याला पिक सोडावयाचा नाही, त्याने आपण नेमके कशासाठी हे वाद्य घेत आहोत, याचा स्वतःशी एकदा खुलासा करून घ्यावा.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडच्या वादकाला ती विशेष जाणवते. पोलादी तार आडवी ओढली की स्वर लगेच चढतो, आणि त्या युक्तीने मींडेचा आभास निर्माण करून भावगीतांची किंवा रागाची वळणे वाजविणारे अनेक जण आहेत. नायलॉन लवचिक असल्यामुळे तितकीच ओढली तरी तिचा ताण फारसा वाढत नाही, आणि स्वर जेमतेम हलतो. तारेच्या लांबीच्या दिशेने बोट डोलवून येणारा आंदोलित स्वर मात्र तिच्यावर फार सुरेख निघतो. ज्याचे संगीत मींडेवर जगते, त्याने पोलादी वाद्य मुळीच विकू नये.

बाजारात या कुळातील वाद्ये स्थूलमानाने तीन प्रकारची आढळतात. पहिला प्रकार शुद्ध क्लासिकलचा. दुसरा फ्लामेंको गिटारचा, जिची पाठ आणि बाजू परंपरेने सायप्रसच्या असतात, तारा पट्टीला अधिक जवळ असतात, आणि तबलीवर बोटांनी ठोका देण्यासाठी एक पातळ संरक्षक आवरण बसविलेले असते. तिचा आवाज कोरडा, चटकन उठून चटकन विरणारा असल्याने तालप्रधान वादनाला ती शोभते, आणि झंकाराची सवय असलेल्या पोलादी वादकाला ती अनपेक्षितपणे जवळची वाटण्याचा संभव आहे. आपल्या दुकानांत ती क्वचितच पाहावयास मिळते. तिसरा प्रकार ज्याला ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात तो: नट ४८ मिलिमीटरच्या आसपास, पट्टीला थोडी गोलाई, दांडी चौदाव्या पडद्याशी जोडलेली, पेटी पातळ, एका खांद्याला छाट, आणि बहुधा आत पिकअप. यामाहाची एनटीएक्स मालिका, कॉर्डोबाची फ्यूजन मालिका ही याची परिचित उदाहरणे.

पोलादी वादकाला बहुतेक सल्लागार हा तिसरा प्रकारच सुचवितात, आणि येथे माझा त्यांच्याशी स्पष्ट मतभेद आहे. अरुंद दांडीमुळे पहिल्या महिन्याचा त्रास वाचतो, हे मान्य; परंतु जी अडचण थोड्या काळात आपोआप निवारली जाणार, तिच्यासाठी उजव्या हाताचा मोकळेपणा कायमचा गहाण ठेवणे हा तोट्याचा सौदा आहे. असा वादक वर्षभराने पाहतो, तेव्हा त्याच्या हाती जुन्याच सवयींनी वाजविलेले, जरा मऊ आवाजाचे एक वाद्य असते. घरी बसून बोटांनी वाजविणाऱ्याने, आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या क्लासिकल गिटारच्या परीक्षांना पुढेमागे बसू पाहणाऱ्याने तर निश्चितच, पूर्ण रुंदीची ५२ मिलिमीटरची साधी क्लासिकल घ्यावी. क्रॉसओव्हरचा खरा हक्कदार वेगळा आहे: जो उभा राहून गातो, एकाच कार्यक्रमात दोन्ही वाद्ये आळीपाळीने उचलतो, आणि ज्याला गाण्यांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात हात बदलण्याची चैन परवडत नाही. त्याच्यासाठी ते वाद्य तडजोड नसून योग्य हत्यार आहे. बोटे आखूड असल्याची सबब मात्र फारशी टिकत नाही. तशी खरीच अडचण असेल तर ६३० किंवा ६४० मिलिमीटर लांबीची क्लासिकल मिळते, आणि ती शोधणे अधिक श्रेयस्कर.

लाकडाविषयी थोडक्यात. तबली स्प्रूसची असली तर आवाज स्वच्छ, रेखीव, आणि वर्षानुवर्षे वाजविल्याने खुलत जाणारा. सीडरची असली तर पहिल्या दिवसापासूनच उबदार आणि मोकळा. सीडरचा वापर १९६० च्या दशकात माद्रिदच्या होसे रामिरेझ तिसरा याने रूढ केला. पोलादी तारेच्या चमकेची सवय असलेल्याला स्प्रूस सहसा रुचते, पण हा रुचीचा भाग, नियम नव्हे. पाठ व बाजूंसाठी जगभर वापरली जाणारी ‘इंडियन रोझवूड’ ही आपल्या सह्याद्रीच्या दक्षिणेकडील अरण्यांतील शिसवच होय. ब्राझीलच्या रोझवूडचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून जवळजवळ बंद झाल्यावर शिसवीवरील भार वाढला, २०१७ मध्ये साऱ्या शिसवकुळावर परवान्याचे निर्बंध आले, आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यांतून सूट देण्यात आली.

उलव्यात राहणाऱ्यासाठी याहून महत्त्वाची बाब आहे ती संपूर्ण घन लाकूड आणि प्लाय यांच्यातील निवडीची. लाकडी वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. खाडीच्या काठावरच्या या वसाहतीत पावसाळ्याचे महिनोन्‌महिने ती ऐंशीच्याही वर राहते. पाश्चात्त्य पुस्तकांतून वाद्याला ओलावा देण्याच्या ज्या तजविजी सांगितलेल्या असतात, त्या थंड व कोरड्या हिवाळ्याच्या देशांसाठी आहेत. आपला शत्रू नेमका उलटा. ओलाव्याने घन लाकडाची तबली फुगते, घोडी वर उचलली जाते, तारा पट्टीपासून दूर जातात, आणि नाद कोंदटतो. म्हणून तबली घन, पण पाठ व बाजू प्लायच्या, ही रचना येथील हवेला मला सर्वांत समंजस वाटते: नादाचा मुख्य आधार जी तबली, ती खरी, आणि उरलेला सांगाडा हवामानापुढे स्थिर. यामाहाची सीजी१२२ याच जातीची असून ती स्प्रूस आणि सीडर अशा दोन्ही तबल्यांत मिळते, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येतात. कॉर्डोबाची सी५ सीडरच्या घन तबलीची. यामाहाच्याच सी४० मध्ये तबलीही प्लायची असते; शिकणाऱ्या मुलासाठी ती टिकाऊ आणि प्रामाणिक वस्तू आहे, परंतु ज्याचा कान पोलादी वाद्यावर अगोदरच तयार झालेला आहे, त्याला ती लवकरच अपुरी पडेल. पूर्ण घन लाकडाचे महागडे वाद्य येथे घेऊच नये असे नाही. मात्र ते घेणाराने जून ते सप्टेंबर ते बंद पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, आत एक लहान आर्द्रतामापक ठेवून सांभाळण्याची जबाबदारी पत्करली पाहिजे, आणि त्या पुड्या वेळोवेळी वाळवून घेतल्या पाहिजेत.

याच हवेचा एक अनुकूल परिणामही आहे. खाडीवरून येणाऱ्या खारट वाऱ्यात पोलादी तारांना बघता बघता गंज चढतो, हा येथील प्रत्येक वादकाच्या परिचयाचा अनुभव. नायलॉनच्या वरच्या तीन तारा गंजूच शकत नाहीत, आणि खालच्या तिन्हींवरील चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची गुंडाळी तेवढी काळवंडते, म्हणून पुष्कळदा केवळ त्या तीनच बदलून भागते. शिवाय भिंतीला भिंत लागून असलेल्या सदनिकांत रात्री दहानंतरही शेजाऱ्यांची झोपमोड न करता वाजविता येईल असे हे वाद्य आहे. धवलारणीने, म्हणजे लग्नात विधिगीते गाणाऱ्या स्त्रीने, गायिलेल्या धवल्यांसारखे साथीविना चालणारे गाणे ज्या मातीत आहे, तेथील एखाद्या तरुणाने कधी त्या चालींना हलकी स्वरसाथ देण्याचे मनात आणले, तर गळ्यावर कुरघोडी न करणारी ही तारच त्याने निवडावी, असे मला मनापासून वाटते.

तारांच्या बाबतीत नवा वादक हमखास अडखळतो ती तिसऱ्या, म्हणजे ‘जी’ तारेपाशी. पोलादी संचातील पहिली तार ०.३० मिलिमीटरची, नायलॉनची ०.७१, आणि नायलॉनची तिसरी तर एक मिलिमीटरहून किंचित जाड. त्या जाडीमुळे तिचा आवाज इतरांच्या मानाने दबलेला येतो, आणि वाद्यच सदोष असल्याचा ग्रह होतो. वरच्या तीन तारा कार्बन नावाने विकल्या जाणाऱ्या द्रव्याच्या घेतल्यास त्या अधिक बारीक असतात आणि आवाज उजळतो. पोलादाची ओढ न सुटलेल्या कानाला हा उपाय नवे वाद्य घेण्याहून पुष्कळ स्वस्त पडतो. नव्या तारा काही दिवस सारख्या उतरत राहतात, तेही स्वाभाविक समजावे.

प्रत्यक्ष पाहणीसाठी उलवेकराला थोडा प्रवास घडतो, पण आता तो पूर्वीइतका दुर्घट नाही. बामणडोंगरीहून गाडीने नेरुळला किंवा बेलापूरला येऊन हार्बर मार्गाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठले, की धोबी तलाव चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तेथील जेर महाल या जुन्या वास्तूत १८६५ पासून चालत आलेल्या फुर्टाडोस पेढीचे दुकान आहे, आणि त्याच वास्तूच्या वरच्या मजल्यांवर गोव्याहून खलाशी, आचारी व वादक म्हणून आलेल्यांच्या कुडी, म्हणजे गावोगावच्या उतारूखोल्या, होत्या. मुंबईच्या चित्रपटसंगीताला वाद्यवृंद पुरविणाऱ्या गोमंतकीय समाजाचा हा उंबरठा असल्याने, गिटार पाहण्यास याहून योग्य जागा मला सुचत नाही. जाताना उजव्या हाताची नखे थोडी वाढलेली असावीत, आणि आपली पोलादी गिटार बरोबर नेऊ नये. शेजारी ठेवून तुलना केली की कान पुन्हा जुन्या चमकेकडेच झुकतो. दांडीवरून एक डोळा मिटून नजर टाकावी व ती सरळ असल्याची खात्री करावी. घोडीच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकतो का, ते पाहावे, सरकत असेल तर वाद्य नाकारावे. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर सावकाश वाजवून खरखर ऐकावी. बाराव्या पडद्यावरील दाबलेला स्वर आणि तेथलाच मोकळा स्पर्शस्वर एकमेकांशी जुळतात का, हे पारखावे.

विजेच्या साधनांबद्दल एवढेच की, नायलॉनला लोहचुंबकी पिकअप ओळखीत नाही. तिला घोडीतील हाडाखाली बसणारा पिएझो लागतो, आणि तो आतच बसविलेला असलेली, तरीही ५२ मिलिमीटर रुंदीची वाद्ये, उदाहरणार्थ यामाहाची एनसीएक्स मालिका, उपलब्ध आहेत. कॅपोही सपाट पट्टीसाठी केलेलाच घ्यावा, जुना गोलाईचा मधल्या तारांवर आणि कडेच्या तारांवर सारखा दाब देत नाही.

शेवटची बाब ॲक्शनची, म्हणजे पट्टीपासून तारांच्या उंचीची. क्लासिकलमध्ये बाराव्या पडद्यावर पहिल्या तारेखाली ३ आणि सहावीखाली ४ मिलिमीटर अंतर हे प्रमाण मानले जाते, आणि पोलादी वादकाला ते अवाढव्य वाटते. परंतु सैल तार अधिक रुंद थरथरत असल्याने तेवढी जागा तिला हवीच असते. वातानुकूलित दुकानातून आणलेले वाद्य उलव्याच्या पहिल्या पावसाळ्यात आणखी उंच झालेले दिसेल, आणि कोणी तरी सॅडल, म्हणजे घोडीतील हाड, घासून ते खाली आणण्याचा सल्ला देईल. तो त्या दिवसांत मानू नये. घासलेले हाड पुन्हा वाढत नाही, आणि पाऊस ओसरून हवा कोरडी झाली की तबली आपल्या जागी बसते, तारा खाली येतात, आणि जुलैत घासून घेतलेले वाद्य डिसेंबरात खरखरू लागते. ते काम करावयाचेच असेल, तर दिवाळी होऊन गेल्यावर, एक पूर्ण पावसाळा वाद्याच्या अंगावरून गेलेला असताना करावे.